दोन बादल्या, अर्धा मग

सोहारमध्ये सप्टेंबर म्हणजे
समुद्रच अंगावर घालून फिरायचं.

सहावा तास, नववी क.
डबे संपलेत, लोणच्याचा वास उरलाय.
खिडकीतला एसी खोकतोय
आणि मी फळ्यावर लिहितेय : संघनन.
म्हणजे लिहितेय इंग्रजीतच;
हा शब्द जळगावच्या शाळेतला,
मनात घासूनपुसून ठेवलेला.

एकोणतीस चेहरे.
तनिष्का वहीच्या मागे पेनानं नखं रंगवतेय.
बिबिन ज्या आशेनं घड्याळाकडे बघतो
त्या आशेनं मी देवाकडेही कधी बघितलेलं नाही.
शेवटच्या बाकावर इर्शाद,
एप्रिलपासून त्याचा आवाज मी फक्त हजेरीत ऐकलाय,
तोही अर्धा.

सगळं करून पाहिलं होतं.
रंगीत खडू, गटचर्चा,
बरोबर उत्तराला बक्षीस खजूर.
खजूर! ओमानात!
हसली होती मुलं, तेवढंच पदरात.
बाष्प, थंड पृष्ठभाग, थेंब,
पालथ्या घड्यावर पाणी,
आई म्हणायची. तीही मास्तरीणच.

मग शहाना पाणी प्यायला म्हणून उठली
आणि दाराबाहेर पाऊल टाकून थबकली.
चष्मा काढला, ओढणीला पुसला, घातला,
पुन्हा काढला.
"मॅम, काहीच दिसत नाहीये."
"कोणी फुंकर मारली तुझ्या चष्म्यावर?"
"कोणीच नाही."
"मग?"

बिबिनची नजर घड्याळावरून उतरली.
मी पुस्तक मिटलं.
चष्मेवाले उभे राहा.
अकरा निघाले, बारावी मी.
एक, दोन, तीन, आणि व्हरांड्यात
बाराजण एकदम आंधळे,
बाकीचे सतराजण सेकंद मोजताहेत ओरडून.
बिबिननं कोणाचा तरी चष्मा हिसकावून
फ्रीजमध्ये ठेवायची परवानगी मागितली.
मिसेस कुरियन धावत आल्या असाव्यात.
"हा कुठला धडा चाललाय?"
"पान त्रेपन्न," मी म्हटलं.
त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता,
ही त्यातल्या त्यात सोय.

आत आलो तर प्रश्नांचा गलका.
"मग आत येताना का नाही होत, मॅम?"
उत्तर जिभेवर होतं. गिळलं.
सोळा वर्षं नोकरीत गेली
हे एवढंसं गिळायला शिकण्यात.

आणि मागून,
कोणी खुर्ची सरकवावी तसा, आवाज आला.
"त्याच्यातून पण येतं." बोट एसीकडे.
"पाणी. हवेतलंच.
आमच्याकडे रोज दोन बादल्या."
वर्ग मागे वळला. मीही.
इर्शादचे वडील सनाइयात एसी दुरुस्त करतात.
बाल्कनीत नळीखाली बादली असते,
आई ते पाणी कढीपत्त्याला घालते.
नळाच्या पाण्यानं पिवळा पडायचा,
आता कठड्याच्या वर गेलाय.
"मोजलंस कधी?"
"मॅम, मोजायचं असतं?"

रात्री आईला फोन केला.
सांगितलं, घडा गार असला ना,
तर पालथ्यावरही पाणी जमतं,
कोणी न ओतता.
"बाहेरून," आई म्हणाली. "आणि आत?"
मास्तरीण ती मास्तरीणच.

खरं आहे. गुरुवारी बिबिन
पुन्हा घड्याळाला डोळे लावून बसला होता.
तनिष्काची नखं आता निळी आहेत.
घरचं पाणी मोजून आणा म्हटलं होतं,
चौघं विसरली, दोघींनी एकमेकींचं उतरवलं,
एकीच्या घरी एसीतून म्हणे एकशेदहा लिटर.

इर्शादचा कागद तेलकट होता.
दोन बादल्या, अर्धा मग.
खाली बारीक अक्षरात :
थोडं आईनं आधीच झाडाला घातलं,
म्हणून अंदाजे.

'अंदाजे'खाली मी लाल रेघ ओढली.
मग वाटलं, चूक समजेल तो.
बोलावून सांगितलं, ही शाबासकीची रेघ.
तो म्हणाला, "मॅम,
उद्या आईला थांबायला सांगू?"